बंद फ्रीजमधला बार

आमच्या घरात दारूची बाटली उघड्यावर आली ती माझ्या हातानं. आबांनी आणली नाही, भावानं आणली नाही. मी आणली, घरातली पहिली पदवीधर, त्यातही बाई. अजूनही हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग मायच्या तोंडाकडं बघतो. माय हसत नाही हे दिसलं की त्याचं हसू तिथंच जिरतं.

मी बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. आता एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे मद्यार्क काढायच्या विभागात, केमिस्ट आहे. माय-आबांनी बावीस हंगाम ऊस तोडला. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाच्या लेखी ती दोन माणसं नव्हतीच कधी, एक कोयता होती. ते फडावर गेले की मी आणि धाकटा भाऊ गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायचो. उसाची साखर निघून गेल्यावर जो काळा घट्ट पाक उरतो ती मळी. त्या मळीतून काढलेला, काचेसारखा स्वच्छ मद्यार्क आज माझ्या टेबलावर येतो आणि माझी सही झाल्याशिवाय टाकीचा व्हॉल्व्ह उघडत नाही. हे मी मिरवायला सांगते. मिरवण्यासारखं आहे म्हणून सांगते.

माझं अर्धं काम यंत्रांचं आणि अर्धं नाकाचं. नमुन्यात तेवढंच शुद्ध पाणी घालायचं, ग्लासावर काच झाकायची, थोडं थांबायचं, मग काच सरकवून एकदाच वास घ्यायचा. दुसऱ्यांदा घेतला तर नाक फसतं. मी रुजू झाले तेव्हा जुने केमिस्ट म्हणायचे, बाईमाणसाला मळमळेल. वर्षभरात तेच ग्लास माझ्याकडं सरकवून विचारायला लागले, ‘मॅडम, बघा बरं, काय वाटतं?’ ते तंबाखू खायचे, मी खात नव्हते, हे एक कारण. दुसरं कारण मला पुढं घरातच सापडलं.

‘दारूच्या कारखान्यातली पोरगी’ म्हणून माझी दोन स्थळं दारातून परत गेली. गेली तर गेली.

आमचं गाव चौसाळ्याच्या पुढं, हायवे सोडून आत. आमच्याकडं माणसं दारू पीत नाहीत, उरकतात. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं, नाहीतर धाब्याच्या पाठीमागं. प्लास्टिकचा ग्लास, अंदाजानं ओतलेली दारू, वरून पाऊचमधलं पाणी, आणि उभ्याउभ्या तीन घोटांत खलास. बसायची सोय नाही, कारण कुणी येईल. पोटात काही नसतं, कारण जेवण घरी असतं आणि घरी पोचायच्या आत हे संपवायचं असतं. मग पेरूचा पाला चघळायचा, खिशातली बडीशेप तोंडात टाकायची आणि घरात शिरल्यावर बायकोकडं न बघता सरळ मोरीत जायचं. सगळ्या गावाला माहीत आणि कुणालाच माहीत नाही, असा हा कारभार.

अलीकडं या मंडळींत व्होडकाची चलती झाली. कारण एकच, वास येत नाही म्हणे. आणि एक कारण श्रावणातलं. श्रावणात आमचं गाव कडक असतं. पण माझ्या भावाच्या मित्रांत एक ट्रॅक्टरवाला आहे, बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. त्यानं एका श्रावणी सोमवारी पालीच्या धरणाकडं सगळ्यांना जमवून पटवून दिलं: व्होडका बटाट्याची असते, बटाटा उपासाला चालतो, मग व्होडका कावून चालणार न्हाई? माणसांना पटलं. पटवून घ्यायचंच होतं. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर त्यांनी दोन बाटल्या संपवल्या आणि उपास मोडला नाही म्हणून समाधानानं घरी आले.

माझा भाऊ त्यात होता.

भाऊ कारखान्याची कामगारांची बस चालवतो. तेव्हा कंत्राटावर होता, तिसरं वर्ष चालू होतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. कायम होणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्यांना कळायचं नाही. आमच्या घरात असा पगार घेणारी पहिली मी. भाऊ दुसरा झाला असता. त्याच्या मुलीला हंगामी वसतिगृहाचं दार बघावं लागलं नसतं. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं.

बस रात्री कारखान्यातच उभी असते. भाऊ पहाटे पाचला मोटारसायकलवर जायचा, गेटवर हजेरी लावायची, बस बाहेर काढायची आणि गावोगावची माणसं गोळा करायची. त्या मंगळवारी मी नळाचं पाणी भरायला उठले होते. चहा द्यायला वाकले आणि थांबले.

“किती घेतली?”

“काय?”

“किती घेतली विचारते.”

“कुणी, मी? काल सोमवार होता, ताई. उपास होता माझा.”

“उपास होता म्हणून मोजून घेतली का?”

त्यानं मागं बघितलं. माय आत भाकरी थापत होती. मग हळूच म्हणाला, “तुला कसं कळलं? व्होडकाचा तर वास येत न्हाई.”

“या नाकाचाच मला पगार मिळतो. किती घेतली?”

मग त्यानं खिचडी, बटाटा, सगळं सांगितलं. मोजली नव्हती. मोजतं कोण?

“आज जाऊ नको. रजा सांग.”

“उतरली ताई कवाच. आंघोळ केली, लिंबू चोखलं, आता चहा पेलो.”

“लिंबानं तोंड आंबट होतं. दारू उतरत नाही.”

पण तो गेला. मी त्याच्या मोटारसायकलची किल्ली काढून घ्यायला पाहिजे होती. नाही घेतली. या गोष्टीतलं एवढं एक मला मिरवता येत नाही.

साडेसहाला मी फाट्यावर उभी राहिले. बस आली तेव्हा स्टिअरिंगवर दुसराच माणूस होता. मी पायरी चढतानाच समजले.

गेटवर एक माजी फौजी सुरक्षा अधिकारी आहेत. त्यांनी त्याच महिन्यात ड्रायव्हर लोकांसाठी फुंकायचं यंत्र आणलं होतं. भावानं फुंकलं, यंत्र वाजलं. फौजींनी त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पहिली वेळ, ताकीद’. दुसऱ्या वेळेला ताकीद नव्हती. दुसऱ्या वेळेला कंत्राट बंद.

दुपारच्या सुट्टीत तो मला कँटीनच्या मागं भेटला. लाजण्यापेक्षा चिडलेला जास्त होता.

“मशीन बिघडलंय त्यांचं. व्होडका मशीनवर येतच न्हाई, सगळे म्हणतेत.”

“यंत्र वास घेत नाही. तुझ्या रक्तातली दारू फुप्फुसातून श्वासात येते, ती मोजतं. बटाट्याची असो का उसाची, त्याला काय करायचंय?”

“उसाची? उसाची कुठून आली आता?”

“तुम्ही पिता ती कशाची आहे असं वाटतं तुला? बाहेरच्या देशात करतात काही ठिकाणी बटाट्याची. आपल्याकडं दुकानात मिळते ती बहुतेक धान्याची, नाहीतर मळीची. तू प्यालास ती आबांनी तोडलेल्या उसाच्या मळीची असणार.”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, “म्हंजे उपास मोडला?”

मला हसू आवरेना. तोही हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. “कायम होतो का न्हाई आता गं, ताई?”

“दुसऱ्यांदा वाजलं नाही तर होशील.”

बंद कर म्हणणं सोपं होतं. माय पाच वर्षं तेच म्हणत होती आणि तो पाच वर्षं पेरूचा पाला चघळत होता. मी त्याला आधी एक गोष्ट करायला लावली: पंधरा दिवस अजिबात नाही. हात थरथरले, झोप उडाली, तर आपण बीडला डॉक्टरकडं जायचं, तो आजार असतो, त्यात लाज नाही. पंधरा दिवस त्यानं सहज काढले. म्हणजे दारूनं त्याला धरलं नव्हतं. घोळ होता तो लपून, घाईनं, उपाशीपोटी आणि अंदाजानं पिण्यात. रसायनाचं माणूस म्हणून मला एक कळतं, माप नसलं की काहीच हातात राहत नाही. आणि लपणाऱ्याला माप ठेवता येत नाही.

म्हणून मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, प्यायचीच असेल तर घरात, उजेडात, मोजून. घरात बार करू.

मायनं भाकरी परातीत आपटली. “माझ्या घरात बाटली? यासाठी शिकवलं तुला? आदीच लोक नाव ठेवतेत. फडावर बावीस वर्षं मी तुझ्या बापाला कोरडं ठेवलं, इचार त्यांना.”

आबा खाली मान घालून कालवण ओरपत होते. म्हणाले, “कोरडं कुठं. तुला दिसू दिलं न्हाई.”

भावाची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

“कवा?” माय म्हणाली.

“थंडी लई असायची.”

“कवा म्हणते मी!”

“आता तारीख सांगू का? गाडीवानांबरोबर. उसाच्या गाडीमागं.”

माय उठून ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं बारचा विषय संपला. बऱ्याच वेळानं आत आली, आबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “बावीस वर्षं माझ्या पाठीमागं पेलात. आता समोर बसून पेयची. पोरानंबी, तुमीबी. आणि किती द्यायची ते मी ठरवणार.”

असा आमचा बार मंजूर झाला, आणि असा तो माझ्या हातातून मायच्या हातात गेला.

दिवस ठरवण्यातच एक आठवडा गेला. मी शनिवार म्हणाले. माय म्हणाली, शनिवार मारुतीचा. शेवटी तिनंच रविवारची दुपार काढली. रविवारी बस बंद, घरात मटण, जेवणाच्या आधी अर्धा तास, बरोबर खायला काहीतरी, दोन मापं आणि मग पान वाढायचं. त्यानंतर कुणी मोटारसायकलला हात लावायचा नाही. सोमवारी पहाटे पाच वाजेपर्यंत मध्ये किती तास जातात हे तिनं बोटांवर मोजून बघितलं. मी कॉलेजात तीन वर्षं घालवून याच्याहून चांगलं वेळापत्रक केलं नसतं.

मग परवाने. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला सरकारी परवाना लागतो हे निम्म्या पिणाऱ्यांना ठाऊक नाही. मी चौघांचे अर्ज भरले. आबांचा, भावाचा, माझा आणि चौथा मायचा, कारण बाटली तिच्या ताब्यात राहणार होती.

“मी पीत न्हाई तरी मला पिण्याचा कागद?”

“बाटली तुझ्याकडं राहणार ना? मग कागद पाहिजे. चोरीचं काहीच करायचं नाही आता.”

साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं सावकाश केली. परवाने आले तेव्हा आबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. त्यात लिहिलेलं असतं की हा परवाना आरोग्य राखण्यासाठी दिला आहे.

“बघ,” ते मायला म्हणाले, “सरकार म्हणतंय तब्येतीसाठी हाय. तू बावीस वर्षं माझी तब्येत बिघडवली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौसाळ्याला जाऊन परवान्याला प्लास्टिक मारून आणलं. पारावर दाखवत होते, पोरीनं काढून दिला म्हणून. माझ्या पदवीचा कागदही त्यांनी असाच दाखवला होता. त्यांच्या लेखी दोन्ही कागद मीच घरात आणलेले, दोन्हीवर सरकारचा शिक्का.

बार म्हटल्यावर भावाच्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं, उंच खुर्च्या आणि निळे दिवे होते. बीडमध्ये एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर त्यानं तसा बघितला होता. मी म्हणाले, त्या कपाटातल्या बाटल्यांवर धूळ होती का नव्हती ते आठव. होती. मग ते कपाट झालं, बार नाही.

आमच्याकडं एक बंद पडलेला फ्रीज होता. माय त्यात पापड-कुरडया ठेवायची, कारण उंदीर शिरत नाही आणि कुलूप लागतं. वरचा कप्पा तिनं मोकळा केला. खाली कुरडया, वर बार. भावानं गणपतीची दिव्यांची माळ आणून दाराला लावली. मायनं बघितलं, “गणपतीची माळ दारूला? काढ आदी.” माळ निघाली.

सामान म्हणाल तर एक व्होडका, एक रम, बस. कामाच्या सवयीनं मी तीस मिलिलिटरचं स्टीलचं माप आणलं. पेले घरातलेच, लिंबू पिळायचा चिमटा घरातलाच. महागाचं रंगीत पाणी विकत आणायचं नाही असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं. आमच्याकडं मोसंबी आहे, लिंबू आहे, मोरीच्या पाण्यावर वाढलेला पुदिना आहे. भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, चिंच-गुळाचं पाणी आणि चौसाळ्याचा सोडा. एक माप व्होडका, अर्ध्या मोसंबीचा रस, चिमूटभर जिरं, वर सोडा. शहरात याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवून वाढतील. आबा त्याला ‘ते मोसंबीचं’ म्हणतात. मी पिते का? हो, एक. मायसमोर.

बाटल्या आणायला मी बीडला एकटी गेले. दुकानदार काउंटरवर वाकून फार समजुतीनं म्हणाला, “मॅडम, तुमच्यासाठी आसल तर व्होडका घ्या. बायकांना हलकी पडती.”

“रमची बाटली द्या जरा. काय लिहिलंय? बेचाळीस पॉइंट आठ. आता व्होडकाची वाचा.”

त्यानं वाचलं. बेचाळीस पॉइंट आठ.

“मग हलकं काय आहे? रंग?”

मागं रांगेतला एक जण खो खो हसला. दुकानदार म्हणाला, “शिकलेल्या दिसता.”

“शिकलेलीच आहे,” मी म्हणाले. ते वाक्य बोलून परत फाट्यावर उतरेपर्यंत माझी मान ताठ होती.

पहिल्या रविवारी तो ट्रॅक्टरवाला मित्र आला. हातात विदेशी नावाची लांब मानेची बाटली. “काकू, ही खरी व्होडका. तुमच्या ताईनं आणली ती मजुराची.” रात्रभर ती त्यानं बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती आणि गोठली नाही म्हणून अस्सल, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हणाले, आमची साधीपण गोठत नाही, घरच्या फ्रीजमध्ये कुठलीच गोठत नाही, त्यात अस्सल-नक्कलचं काही कळत नसतं. त्याला पटेना.

मग मी तीन सारखे पेले घेतले. एकात त्याची, एकात आमची साधी, एकात भावानं हौसेनं आणलेल्या छोट्या बाटलीतली, मधल्या दराची. गारेगार असली की वास दबतो, म्हणून त्याच्या बाटलीचा गारवा आधी जाऊ दिला. तिन्हीत बरोबरीनं पाणी घातलं. कुठल्यात काय ते फक्त मला ठाऊक.

मित्रानं तिन्ही चाखून, डोळे मिटून, आमच्या साधीवर बोट ठेवलं. “ही माझी. लगेच कळती बे. घशाला लागत न्हाई.”

भाऊ ओट्यावरून पडायचा राहिला. “मजुराचीच निघालास की बे तू!”

आबांचं मत, तिन्ही फवारणीच्या औषधासारख्या.

माय कुलूप हातात घेऊन उभी होती. मी सहज म्हणाले, माय, पिऊ नको, नुसता वास घे. तिनं पदर सावरला, पहिल्या पेल्यावर वाकली, सरळ झाली. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. “हिला मागून गुळावानी येतंय. ही नाकाला चावती, भाकर करपल्यावानी. आणि हिला काहीच न्हाई, निस्तं थंड.” मी पाठ फिरवून पेले अदलाबदल केले. तिनं पुन्हा तसंच सांगितलं. तिसऱ्यांदाही. प्रत्येक पेल्यावर एकदाच वाकत होती, दुसऱ्यांदा नाही. हे मला शिकायला सहा महिने लागले होते.

“तुला कसं गं येतं हे?”

“त्यात काय? तोडलेला ऊस फडात आंबाया लागला का न्हाई, मी मोळी न सोडता सांगायची. मुकादम मलाच इचारायचा.”

प्रयोगशाळेत सगळे ज्या नाकाचं कौतुक करतात ते कुठून आलं हे मला त्या दुपारी कळलं. व्होडकाला चव नसते, वास नसतो म्हणणाऱ्यांनी आमच्या मायला भेटावं.

असे रविवार जात राहिले. गेटवरच्या यंत्रानं भावाला पुन्हा टोकलं नाही. पण कायम व्हायचा निर्णय व्हायचा होता. हंगामाच्या तोंडावर मॅनेजरसाहेबांनी त्याला एका गुरुवारी सकाळी दहाला बोलावलं. त्या दिवशी पहाटे यंत्र वाजलं असतं तर दहा वाजायची गरजच पडली नसती.

आणि नेमका बुधवारी त्या मित्रानं दुसरा ट्रॅक्टर घेतला.

संध्याकाळी जीप दारात आली. मी ओट्यावर मेथी निवडत होते.

“चल बे. धरणावर कोंबडी शिजायलीय. तू आल्याबिगर नारळ फोडत न्हाई.”

“रविवारी ये की. दुपारी.”

“रविवारी तुझी माय औषधावानी देती, दोन झाकणं.”

“दोनच घ्यायची असती.”

“बायकावानी बोलायलास बे.”

“उद्या पाचला फुंकायचंय मला. दहाला सायबानं बोलावलंय.”

“मग व्होडका घे ना. सकाळपर्यंत—”

“मशीन वास घेत न्हाई बे,” भाऊ म्हणाला. “रक्तातली मोजतं. आंघोळीनं जात न्हाई, लिंबानं जात न्हाई. आणि बटाट्याची न्हाई ती, मळीची हाय. कितींदा सांगू?”

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. कॉलेजात परीक्षकासमोर मीही कधी इतकं सरळ उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही.

मित्रानं जीपची किल्ली फिरवली. मला वाटलं, रागावून जाणार. मग पेढ्यांचा पुडा बाहेर काढला. “हे तरी चालतं का तुझ्या मशीनला?” भावानं दोन पेढे खाल्ले, नव्या ट्रॅक्टरला हात लावायला उद्या येतो म्हणाला आणि आठ वाजता जेवून झोपला.

गुरुवारी माझी पहिली पाळी होती. मी त्याच्या मागं मोटारसायकलवर बसून गेले. गेटवर फौजींनी यंत्र पुढं केलं. भाऊ फुंकताना मी दुसरीकडं बघत होते. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. यंत्रांबरोबर काम करते म्हणून, कधीकधी त्यांचंही काही सांगता येत नाही. ते वाजलं नाही. फौजींनी शून्य लिहिलं आणि म्हणाले, “जा. बस काढ.”

सव्वादहा झाले असतील. माझ्यासमोर टाकीचा नमुना होता. काच सरकवली, वाकले, आणि तेवढ्यात प्रयोगशाळेच्या काचेच्या दारावर बाहेरून एक कागद चिकटला. कागदामागं भावाचे दोन्ही पंजे. ड्रायव्हरला आत यायची परवानगी नाही, म्हणून बाहेरूनच दाबून धरला होता. मला एवढ्या लांबून अक्षर दिसत नव्हतं. पण नमुना सोडता येत नाही. मी वास घेतला, वहीत नोंद केली, सही केली. मग दार उघडलं आणि वाचलं. कायम.

“घरी मी सांगणार,” तो म्हणाला. “तू फोन करू नको. शपथ हाय.”

पाळी संपल्यावर मी दुपारी बसनं परतले. बस तोच चालवत होता. मी फाट्यावर उतरले, तो बस ठेवायला माघारी गेला. त्याला घरी यायला तास लागणार होता.

घरात शिरल्याबरोबर मायनं विचारलं, काय झालं? माहीत नाही म्हणाले. आबांनी विचारलं, भेटला का सायबाला? मला काय ठाऊक, मी लॅबमध्ये होते. भावाची बायको काहीच विचारत नव्हती, नुसती माझ्या मागंमागं फिरत होती, मुलीला कडेवर घेऊन. मी हातपाय धुतले, चहा केला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, सुटलेल्या घड्या पुन्हा घातल्या. माय म्हणाली, “कावून हसायलीस गं?” मी म्हणाले, हसत नाही.

नोकरीत मी बरीच अवघड कामं केलीत. पण तो तास सगळ्यांत अवघड होता. मग दारात मोटारसायकल थांबली.